गॅसच्या वरची जागा

त्या सकाळी आईच्या हातून चहा उतू गेला. लग्न होऊन या घरात आल्यापासून या बाईच्या हातून कधी चहा उतू गेला नव्हता, त्यामुळे गॅसवरचा तो तपकिरी ओघळ बघितल्याबरोबर थोरल्याच्या लक्षात आलं, की हिलाही सगळं माहीत आहे.

"तुला कोणी सांगितलं?" त्याने स्वयंपाकघराचं दार लोटून घेत विचारलं.

"काय सांगितलं?"

"आई, उगाच वेड पांघरू नकोस."

"बरं, नाही पांघरत." आईने ओलं फडकं घेऊन गॅस पुसायला घेतला. "मला सांगायला कशाला कोण हवं? देवाने कान दिलेत." आणि तिने फडक्याचा हात छताकडे केला.

छत म्हणजे वरच्या हॉलची जमीन. खाली स्वयंपाकघर आणि वर कराटेचा क्लास अशा घरात तिचा जन्म गेला होता. वर पाय आपटला की खाली कपबशा किणकिणायच्या. कराटेतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, एका ठोशाचं नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण कुठल्या आवाजानंतर कुठला आवाज येतो ते तिला पाठ होतं, तेही कुठल्या भांड्याच्या डोक्यावर येतो यासकट. नवऱ्याची जागा, सगळ्यांच्या पुढची, गॅसच्या वर होती. समोर शिकणाऱ्यांची रांग बसायची, तिच्यातली पहिली जागा फ्रिजच्या वर. जेवण झालं की ती झाडूच्या दांड्याने छताला ठोका द्यायची, आणि नवरा वरून टाच आपटून 'आलो' म्हणायचा. भांडण असो, अबोला असो, तो ठोका आणि ती टाच कधी चुकली नव्हती.

"परवा पहाटे," आई म्हणाली, "तो तुमचा मोठा काता चालू होता. पुढे धडधडत येतात, ओरडतात, सिंकच्या बाजूला वळतात. मग परत तसेच येतात, ओरडतात, आणि या वेळी खिडकीकडे वळून संपवतात. हो ना? परवा सिंककडे गेले ते परत सिंककडेच गेले. पुन्हा आले, पुन्हा सिंक. माझं दूध तापून गार झालं तरी वर सिंकच चालू. शेवटी दिवे गेले."

"दिवे गेले नसतील. तुझ्या जावयाने मेन स्विच पाडला असणार."

"मीटर माझ्याच दाराशी आहे रे बाबा. चोरपावलांनी कोण आलं होतं ते मला दिसलं नाही होय?"

थोरला खुर्चीत बसला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, दिवसभर तो लोकांना 'आता बरं दिसतंय का' असं विचारत असे, आणि इथे त्याच्या नाकासमोरची गोष्ट त्याला सगळ्यांच्या शेवटी कळली होती. तीही धाकट्या बहिणीने सांगितली नव्हती. क्लासला येणाऱ्या एका मुलीची आई चष्मा बदलायला दुकानात आली आणि हसत म्हणाली, "तुमचे बाबा या वयात काय घाम काढतात हो, एकच काता किती वेळ!" ती कौतुकाने बोलली होती, पण त्याच्या हातून तिचा नंबर चुकीचा लिहिला गेला.

काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने, समोर नसलेल्या माणसांशी केलेली लढाई. ती चुकली तर कोणाला लागत नाही. म्हणून तर या घरात ती चुकणं सगळ्यात लाजिरवाणं समजलं जायचं. हातावर मार बसला तर तो समोरच्याचा, पण काता चुकला तर तो तुझाच, असं बाबा सांगायचे.

दार उघडून धाकटी आत आली. मागोमाग तिचा नवरा, हातात बादली घेऊन. दोघं पांढऱ्या पोशाखात, कंबरेला काळे पट्टे. तिचा पट्टा कडेने पार झिजून सुतं निघालेला, त्याचा अजून ताठ.

"दादा, तू इतक्या लवकर?"

"बाबांना आज वर उभं करायचं नाही," थोरल्याने प्रस्तावना बिस्तावना काही केली नाही. "परीक्षा तू घे. ते खुर्चीवर बसतील, प्रमाणपत्रं वाटतील, फोटो काढू, संपलं."

धाकटीने नवऱ्याकडे बघितलं. त्याने बादलीकडे बघितलं.

"सांगितलंत वाटतं दादाला," ती नवऱ्याला म्हणाली.

"शपथ, मी नाही!"

"कोणी नाही सांगितलं गं," आई म्हणाली. "ज्याला त्याला कळतंय. तू एकटीच लपवत बसलीयस."

"लपवत नाहीये मी. त्यांचं कधीतरी होतं, रोज नाही. काल दोन्ही वेळा व्यवस्थित केला. आणि दादा, परीक्षा मी कशी घेणार? पद्धत माहितीये ना तुला? जो परीक्षा घेणार त्याने आधी सगळ्यांसमोर मोठा काता करायचा. वर बसायचं तर आधी घाम गाळायचा. आणि परीक्षा घ्यायचा अधिकार बाबांचा. तो मला मिळायचा तर त्यांनी स्वतःच्या तोंडाने, बाहेरच्या परीक्षकासमोर, मला सर म्हणायला हवं. तसं झालं नाही आणि त्यांनाही काता जमला नाही, तर संघटना क्लास काढून घेते आणि आपला माणूस बसवते."

"आणि ते तुला सर म्हणणार!" थोरला हसला, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. "मला एवढी वर्षं काळ्या पट्ट्याच्या अलीकडे, ब्राऊन बेल्टवर टांगून ठेवलं. दर परीक्षेला तेच. 'हात तयार आहेत, माणूस तयार नाही.' पोटच्या पोराला, भर हॉलमध्ये! शेवटी मी सोडलंच ना? आपल्या बापाला आपल्याशिवाय या जगात कोणी सर दिसत नाही, चिमे."

"म्हणून मग काय, आज सगळ्यांसमोर त्यांची फजिती करायची?"

"मी फजिती टाळतोय! म्हणूनच तर काकांना फोन केला."

जावयाने बादली खाली ठेवली. काका म्हणजे बाबांचे गुरुबंधू, एकाच गुरूंकडे शिकलेले. आता संघटनेचे मोठे परीक्षक. यंदा परीक्षेला कोणीतरी ज्युनियर येणार होतं, आणि आदल्या दिवशी अचानक काका स्वतःच येणार असल्याचा निरोप आला होता. का, हे धाकटीला आत्ता कळलं.

"तू बोलावलंस त्यांना?"

"सन्मानाने सगळं पार पडावं म्हणून. म्हटलं, त्यांचा मित्र आहे, सांभाळून घेईल."

"दादा, तो माणूस काताच्या बाबतीत सख्ख्या भावाला सांभाळून घेत नाही! घरातली गोष्ट घरात राहिली असती रे. तू सरळ चावी नेऊन दिलीस त्यांच्या हातात."

"तुझा स्वार्थ आहे म्हणून तुला झोंबतंय. क्लास हातचा जाईल म्हणून."

"हो, आहे स्वार्थ! मी इथे आयुष्य घातलंय. तू चष्मे विकत होतास तेव्हा मी रोज पहाटे त्यांच्या मागे उभी होते."

"अरे, हळू," जावई म्हणाला. "सर आले."

जिन्याखालच्या खोलीतून बाबा आले. पोशाख कडक इस्त्रीचा, पाठ ताठ, पांढरे केस पाण्याने चापून बसवलेले. त्यांनी एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली.

"आज परीक्षा कोणाची?"

कोणालाच कळेना, की हे खरंच विसरलेत की थट्टा करतायत.

"मुलांची, बाबा," धाकटी म्हणाली.

"मुलांचीच ना? तुमची तोंडं बघून मला वाटलं माझी आहे." ते गॅसपाशी गेले, डाग बघितला, बायकोकडे बघितलं. "उतू गेला?"

"गेला," आई म्हणाली.

"होतं कधीतरी," असं म्हणून त्यांनी तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेला डाग स्वतः पुसून काढला. मग थोरल्याकडे वळून म्हणाले, "तू येतोस का वर? तुझा पट्टा अजून माझ्या कपाटात आहे."

"मी बघायला आलोय."

"बघ, बघ. चष्मेवाल्याने बघितलंच पाहिजे." आणि ते जिना चढून गेले.

थोरल्याचे कान लाल झाले. आईने त्याच्यापुढे चहा ठेवला. "पी. करपट लागेल जरा," ती म्हणाली. मग धाकटीकडे वळली. "हे बघ, मी खालीच आहे. पुन्हा सिंककडे गेले की मी ठोका देते. माझ्या ठोक्याला ते थांबतात."

"आणि स्विच?" जावयाने आशेने विचारलं.

"दिवसाउजेडी?" थोरला म्हणाला. "पंखे बंद होतील फक्त. वर घामाने मरतील सगळे."

*

हॉलमध्ये क्लास सुरू व्हायच्या आधी फरशी पुसायची, आणि ती सगळ्यात वरच्या पट्ट्याने पुसायची, हा बाबांचा नियम. बाकी ठिकाणी खालचा पुसतो आणि वरचा उभा राहून दाखवतो. इथे नवीन पोरगं चड्डी सावरत कोपऱ्यात उभं असायचं आणि काळा पट्टा गुडघ्यावर बसून त्याच्या पायांखालची जागा पुसायचा. 'पट्टा वर गेला की कंबर खाली,' एवढंच बाबांचं त्यावर म्हणणं होतं. धाकटी गेली कित्येक वर्षं ही फरशी पुसत होती, आणि इतकं पुसूनही पोरं तिला ताईच म्हणायची. हॉलमध्ये सर एकच होते.

ती आणि जावई पाठीला पाठ लावल्यासारखे दोन टोकांकडून पुसत आले. घरी तो मोठा होता, इथे ती. जावई याच क्लासचा विद्यार्थी, तिच्या हाताखाली शिकलेला. लग्नाच्या बोलणीत तिच्या मामांनी विचारलं होतं, मुलगा करतो काय, तर बाबा म्हणाले होते, 'सध्या तरी हिचा मार खातो.'

"मला वाटतं दादांचं बरोबर आहे," जावई हळूच म्हणाला.

तिचा हात थांबला. "तुम्ही पण?"

"ऐक ना. परवा तू मागून कुजबुजलीस, 'उजवीकडे.' तर काय झालं? 'रांगेत कोण बोललं' म्हणून सरांनी सगळा काता पहिल्यापासून सुरू केला. आज तसं झालं तर? मला नाही बघवणार. ज्या माणसाने मला उभं राहायला शिकवलं त्याला मी असं बघू शकत नाही. सरळ सांगू त्यांना, नका करू."

"सांगा. जा, ते तिथे खिडकीपाशी आहेत."

जावयाने खिडकीकडे बघितलं. बाबा पाठ करून उभे होते आणि हाताची बोटं हलवत होते, डावीकडे, मग उजवीकडे, परत डावीकडे. मग मूठ आवळून त्यांनी हात पाठीमागे घेतला.

"त्यांना माहितीये," जावई म्हणाला.

"तुम्हाला आत्ता कळलं?" ती म्हणाली, आणि फडकं इतक्या जोरात पिळलं की पाणी त्याच्या पोशाखावर उडालं.

त्यांना माहीत आहे हे कळल्यावर खरं म्हणजे तिला बरं वाटायला हवं होतं. उलट तिने पुसलेलीच फरशी परत पुसायला घेतली. माहीत असूनही माणूस उभा राहणार असेल तर त्याला थांबवायचं कोणी? तिला लहानपणापासून एकच गोष्ट शिकवली होती. सरांच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. ते चुकले तर आपणही चुकायचं, पण सगळ्यांनी एकत्र. परवा तीही त्यांच्या मागे सिंककडे गेली होती, पुन्हा पुन्हा, आणि तिच्या मागे अख्खा क्लास गेला होता. एकालाही वाटलं नाही की आपण वळू नये. इतकी चांगली शिकवण झाली होती त्यांची.

*

काका आले ते वेळेच्या आधी. बारीक, वाळलेले, डोळे मात्र लख्ख. टेबलाशी बसले, पेनाचं टोपण काढलं, आणि भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसलेल्या पालकांकडे अजिबात बघितलं नाही. थोरला पालकांमध्येच बसला होता. काकांनी त्याच्याकडे बघून मान हलवली, त्याने खाली बघितलं. आता त्याला आपण फोन केल्याचा पश्चात्ताप होत होता, पण बाण सुटलेला होता.

रांग बसली. धाकटी पहिल्या जागेवर, तिच्या डावीकडे जावई, मग उतरत्या पट्ट्यांनी सगळे, शेवटी पांढऱ्या पट्ट्यातली चिल्लीपिल्ली. बाबा समोर.

"सरांना नमस्कार!" धाकटीने हाक दिली. हे तिचं काम, रांगेत जो सगळ्यात वरचा असतो त्याने ही हाक द्यायची असते. सगळे वाकले.

"आधी मी," बाबा म्हणाले. "मग तुम्ही."

ते उठले, पाठ फिरवली. सगळे त्यांच्या मागे ओळी करून उभे राहिले. धाकटी बरोबर त्यांच्या पाठीशी.

आणि काय सांगावं, पहिला अर्धा काता असा झाला, की थोरल्याला वाटलं आपण मूर्ख आहोत. म्हातारा फरशीत रुतून उभा राहत होता. हात जात होता तो जागच्या जागी थांबत होता, जास्त नाही, कमी नाही. पुढे आले, ठोसे, आरोळी. डावीकडे वळले. बरोबर. तिथून फिरून पुन्हा पुढे आले, ठोसे, आरोळी.

थोरल्याने श्वास धरला. उजवीकडे, तो मनात म्हणाला. उजवीकडे, बाबा.

बाबा क्षणभर थांबले. आणि डावीकडे वळले.

सगळा हॉल त्यांच्या मागे डावीकडे वळला. इतक्या टाचा, एकच आवाज. पालकांना काही समजलं नाही, एकाने तर मोबाईल वर करून चित्रीकरण सुरू केलं. काकांचं पेन मात्र कागदावरून उचललं गेलं.

फेरी पूर्ण झाली. पुन्हा पुढे. पुन्हा आरोळी. पुन्हा तो थांबा, आता जरा लांब. पुन्हा डावीकडे.

थोरल्याने खाली बघितलं, तर त्याच्याच बुटातला उजवा पाय वळत होता. एवढ्या वर्षांत एकदाही केला नव्हता हा काता, सोडल्या दिवसापासून नाव काढलं नव्हतं, आणि पाय आपोआप, बिनबोभाट, बरोबर वळला. या माणसाने आपल्यात हे इतकं खोल घातलंय आणि त्याच्या स्वतःमधून ते निघून चाललंय, हे त्याच्या मनात आलं आणि त्याला इतकं भडभडून आलं, की त्याने चष्मा काढून उगाच पुसायला घेतला. राग शोधला, तर हाताला लागेना.

मागच्या ओळीत एक पांढरा पट्टा दमून मटकन खाली बसला. जावयाचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तोही वळत होता.

*

खाली आई झाडू हातात धरून उभीच होती. पहिल्यांदा सिंककडे गेले ते बरोबर. परत गेले तेव्हा तिने दांडा वर नेला आणि थांबली, वाटलं, एक संधी द्यावी. सिंकवरचे पेले पुन्हा वाजले तसा तिने ठोका दिला.

वरून टाच आली नाही.

तिने पुन्हा दिला, जोरात. छताचा पोपडा तिच्या केसांत पडला. वर पावलं तशीच धडधडत राहिली, उलट आता घाईत, मागे कोणी लागल्यासारखी. आणि मग तिला आपली चूक समजली. अहो, हा माणूस काता अर्धा टाकून कधी जेवायला आलाय का? आधी संपवायचा, मगच टाच आपटायचा. तिच्या ठोक्याने तो थांबत नव्हता, संपवायची घाई करत होता. आणि संपवणंच तर त्याला सापडत नव्हतं. 'मी हाक मारली आणि ह्यांना येता येईना,' एवढंच तिच्या मनात आलं, आणि तिने झाडू टाकून दोन्ही हात ओट्यावर टेकले.

*

ठोका धाकटीनेही ऐकला. तिने बाबांची मान बघितली. ठोक्यासरशी ती मान अगदी किंचित खाली झुकली, 'आलो हं' म्हणावं तशी. मग त्यांचे खांदे वर चढले. आयुष्यभर तिच्या खांद्यांवर टपली मारून 'खाली' म्हणणाऱ्या माणसाचे खांदे कानाला लागले होते. ते घाबरले होते. तिच्या बापाला भीती वाटत होती आणि तो तिच्यापासून एका हातावर होता आणि ती नियम पाळत होती.

खड्ड्यात गेला नियम, तिला वाटलं. मग वाटलं, काका बघतायत. मग वाटलं, मी पुढे गेले तर सगळ्यांना कळेल, आणि नाही गेले तरी कळेलच. मग पुन्हा ठोसे आले, पुन्हा ती आरोळी जवळ आली, आणि विचार करायला वेळ उरला नाही.

तिच्या जागी थांबायचं होतं तिथे ती थांबली नाही. तिने आणखी पावलं टाकली, बाबांच्या खांद्याला घासून, त्यांच्या पुढे. या हॉलमध्ये कोणीही कधीही न केलेली गोष्ट तिने केली. सरांना पाठ दाखवून उभी राहिली. मागे कोणीतरी 'ताई!' म्हणून दचकलं.

तिने आरोळी दिली. आणि सावकाश, पहिल्या दिवशीच्या पोराला दाखवावं इतकं सावकाश, उजवीकडे वळली.

मागे काहीच आवाज नाही. ती हात रोखून उभी राहिली. मागे वळून बघायचं नसतं, तिने बघितलं नाही. बघितलं असतं तर तिचं धैर्य गळालं असतं.

मग तिच्या मागे एक टाच फिरली. जड, ओळखीची. आणि त्या टाचेमागे अख्खा हॉल खिडकीकडे वळला.

पुढचं कसं झालं ते तिला आठवत नाही. तिला एवढंच आठवतं, की शेवटच्या हालचालीला तिने हात खाली आणले तेव्हा मागचा श्वास तिच्याच लयीत खाली आला होता.

ती वळली. बाबा तिच्याकडे बघत होते. तो चेहरा तिला वाचता येईना. राग होता, नक्की होता. आणखीही काही होतं.

"बाबा, मी..." ती म्हणाली. हॉलमध्ये बाबा म्हणायचं नसतं, तेही तोंडातून निघून गेलं.

ते वळले आणि चालत रांगेच्या जागेकडे गेले. जावई धडपडून बाजूला सरकला. त्याच्या शेजारी, पहिल्या जागेवर, आजवर जिथे धाकटी बसत आली होती तिथे, बाबा एक एक गुडघा टेकत बसले. त्यांना बसलेलं बघून बाकीचे बसले. ती एकटीच पुढे उभी राहिली, कुठे जावं ते न कळून. मग तिथेच खाली बसली, सगळ्यांकडे तोंड करून.

आता हाक द्यायची होती. रांगेत जो सगळ्यात वरचा, त्याने.

म्हणजे बाबांनी. काकांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. पालकांमधला मोबाईल खाली आला. थोरला नकळत खुर्चीतून उठून उभा राहिला होता. ही हाक बाबांनी स्वतः कधीच दिली नव्हती, या हॉलमध्ये त्यांच्यावर हाक द्यायची वेळच आली नव्हती. शब्द आहेत का त्यांच्याजवळ? धाकटीला वाटलं, आता आपण रडणार, सगळ्यांसमोर.

"चिमे," बाबा म्हणाले. "खांदे खाली."

तिने खांदे खाली घेतले.

"हनुवटी."

तिने हनुवटी सरळ केली. डोळ्यांतून पाणी आलंच, ते तिने येऊ दिलं.

बाबांनी एकदा काकांकडे बघितलं, मग छातीत श्वास भरला, आणि त्यांचा तो जुना, खणखणीत आवाज हॉलच्या पार टोकाला जाऊन आपटला.

"सरांना नमस्कार!"

आणि ते वाकले, सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा खाली. भिंतीपाशी उभ्या थोरल्याच्याही कमरेतून पाठ वाकली, बूट पायात असतानाच. टेबलामागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. काका उठून उभे राहिले होते, तेही वाकले.

*

खाली आईला नमस्कार दिसला नाही, छतातून हाकेचे शब्दही कळले नाहीत, एकदम गुडघे टेकल्याचा आणि मग शांततेचा आवाज तेवढा आला. मधे गॅसच्याही पुढे, पार भिंतीलगत, एक हलकं पाऊल पडलं होतं आणि सगळे खिडकीकडे वळले होते, तेव्हाच तिने डोळे पुसले होते. पण जीव काही थाऱ्यावर येईना. पोरीने ओढून आणलं, ठीक आहे. आता हे काय करतील? रुसतील? आरडाओरडा करतील? की खोलीत जाऊन दार लावून घेतील?

तिने झाडू उचलला. जेवणाची वेळ नव्हती, काही नव्हतं. तरी तिने दांडा वर करून ठोका दिला, अगदी हळू.

थोडा वेळ गेला. मग टाच वाजली.

ती जड टाच तिने कुठेही ओळखली असती. पण ती गॅसच्या वर वाजली नव्हती. आईने मान वळवली. फ्रिजवरचा पेला अजून हलत होता.

"बसले एकदाचे," ती म्हणाली, आणि नवीन चहाचं आधण ठेवलं.